संगीन खरी की बनावट? जुन्या शस्त्रांची आणि त्यांच्या म्यानांची पारख

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तिरुविडैमरुदूरच्या पुढे गोविंदपुरम् हे लहानसे गाव लागते. बोधेंद्र सरस्वती स्वामींच्या समाधीमुळे नामसंकीर्तनाच्या परंपरेत या गावाला मानाचे स्थान आहे. २०११ मध्ये येथे कुंभाभिषेक झालेल्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरामुळे महाराष्ट्रातील यात्रेकरूंनाही आता हे गाव परिचित झाले आहे. तथापि या परिसराशी मराठीचा संबंध त्याहून फार जुना आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचा अंमल, शेवटी नाममात्र का होईना, येथे राहिला. १७९८ मध्ये कंपनी सरकारने अमरसिंहराजांना दूर करून सरफोजीराजांना गादीवर बसविले, तेव्हा अमरसिंह आपला परिवार घेऊन तिरुविडैमरुदूर येथेच राहावयास आले. मराठी कागदपत्रांतून 'मध्यार्जुन' म्हणून उल्लेखिलेले गाव ते हेच.

साहजिकच कावेरीच्या या मुलखातील मराठी घरांत जुनी शस्त्रे निघतात. खंडेनवमीला, म्हणजे तिकडच्या आयुधपूजेला, ती बाहेर काढली जातात, चिंचेने किंवा लिंबाने घासली जातात, हळदकुंकू वाहून पुन्हा कापडात गुंडाळून ठेवली जातात. वर्षातून एकदा होणारी ही भेट बहुतेक वेळा निर्वेध पार पडते. प्रश्न उद्भवतो तो वाटणीच्या वेळी.

समजा, एखाद्या घरात दोन भाऊ आहेत. वडिलांच्या पश्चात मुदत ठेवी, घर व दागिने यांची वाटणी होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या एक संगीन आहे. हातभर लांब पाते, लाकडी मूठ, चामड्याचे काळे म्यान. 'सरफोजी महाराजांनी पणजोबांच्या आजोबांना दिलेली' अशी तिची ख्याती. शहरातील एका विक्रेत्याने तिची मोठी किंमत सांगितलेली असते. थोरला भाऊ ती संगीन घेतो आणि त्या बदल्यात ठेवींतील आपला मोठा हिस्सा धाकट्यास सोडतो. चार वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी ती विकावयास काढली, की तोच विक्रेता किंवा दुसरा कोणी ती हातात घेऊन 'ही तर महायुद्धातील' असे म्हणतो. ठेवींची वाटणी तर होऊन गेलेली असते, आणि सख्ख्या भावांमध्ये संशय शिरलेला असतो. वस्तुतः पहिल्याच दिवशी अर्धा तास भिंग घेऊन ती संगीन नीट पाहिली असती तर हा प्रसंग टळला असता. ते पाहावयाचे कसे, याविषयीचे हे विवेचन आहे.

प्रथम जात ओळखावी

संगीन म्हणजे बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी बसविण्याचे पाते. तिच्या तीन प्रमुख जाती आहेत. सर्वांत जुनी जात सतराव्या शतकातील असून तिची निमुळती मूठ थेट नळीच्या भोकात खुपसली जाई. संगीन बसविली की बंदूक डागता येत नसे. १६८९ मध्ये स्कॉटलंडमधील किलीक्रँकीच्या लढाईत या उणिवेची मोठी किंमत सरकारी फौजेला मोजावी लागली. त्यानंतर नळीच्या बाहेरून बसणारी, पोकळ नळकांडे असलेली संगीन प्रचारात आली. हिचे पाते सामान्यतः तीनधारी, सुमारे १७ इंच लांबीचे असून ते नळीच्या रेषेपासून थोडे बाजूला वळविलेले असते, म्हणजे बार भरताना हाताला इजा होत नाही. अठराव्या शतकात व एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावर हीच दिसे. तिसरी जात तलवारीसारखी किंवा सुरीसारखी असते: एकधारी पाते, लाकडी मूठ, आडवी परज, परजेत नळी जाण्यासाठी वर्तुळाकार कडे आणि मुठीच्या टोकाला बंदुकीच्या पट्टीवर घट्ट बसणारी खाच व कळ.

एवढे वर्गीकरण लक्षात घेतले तरी अनेक दंतकथांचा निकाल लागतो. सरफोजीराजे १८३२ मध्ये निवर्तले. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड बंदुका हिंदुस्थानात आल्या त्या १८५६-५७ च्या सुमारास, आणि त्यांच्या काडतुसांवरून पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. म्हणून त्या बंदुकीची संगीन सरफोजीराजांनी बक्षीस देणे शक्य नाही. लाकडी मुठीची, १७ इंची, एकधारी संगीन तर त्याहूनही अलीकडची, विसाव्या शतकातील. वरील उदाहरणातील दोघा भावांच्या घरातील संगीन याच जातीची आहे.

या संगिनीच्या बाबतीत एक गैरसमज फार रूढ आहे. परजेजवळ पात्याच्या बुडावर '१९०७' असा आकडा स्पष्ट उमटलेला असतो आणि मालक मोठ्या विश्वासाने तेच निर्मितीचे वर्ष मानतो. ते वर्ष नव्हे. ते नमुन्याचे नाव आहे. ब्रिटिश लष्कराने आखूड ली-एन्फिल्ड रायफलीसाठी जी संगीन मंजूर केली, ती '१९०७ चा नमुना' म्हणून ओळखली जाते आणि पुढील कित्येक वर्षे बनलेल्या प्रत्येक संगिनीवर हाच आकडा आहे. खरी तारीख त्याच्या खाली, महिना व वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांत लहान अक्षरांत असते. आकड्याच्या वर मुकुट व राजाची आद्याक्षरे असतात. एडवर्ड सातवे मे १९१० मध्ये निवर्तले, त्यानंतर पंचम जॉर्ज आले. म्हणून 'जी. आर.' ही अक्षरे आणि १९०९ ची तारीख एकाच पात्यावर आढळली तर तो शिक्का संशयास्पद समजावा. त्याखाली कारखान्याचे नाव असते. विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन ही इंग्लंडमधील नावे, ऑस्ट्रेलियातील लिथगो, आणि आपल्याकडे कोलकात्याजवळील ईशापूर रायफल फॅक्टरी, जिची 'आर. एफ. आय.' ही आद्याक्षरे भारतात सर्वाधिक आढळतात. पात्याच्या दुसऱ्या बाजूस तपासनिसांचे बारीक शिक्के, सरकारी मालमत्तेचा बाण आणि पाते वाकवून पाहिल्याची 'फुली' असते.

हे शिक्के परस्परांशी जुळतात की नाही, हीच पहिली खरी परीक्षा. बनावट करणारा सहसा एक भपकेदार शिक्का उठवितो. तपासनिसांचे चार-पाच क्षुल्लक शिक्के योग्य जागी, योग्य आकारात आणि थोडे वाकडेतिकडे उठविण्याचे कष्ट तो घेत नाही.

हुकाची गोष्ट

प्रारंभीच्या १९०७ नमुन्याच्या संगिनींना परजेच्या एका टोकाला पुढे वळलेला हुक होता. शत्रूचे पाते त्यात अडकवावे अशी कल्पना. प्रत्यक्षात तो उपयोगी पडण्याऐवजी अडथळाच होऊ लागला, म्हणून १९१३ मध्ये तो रद्द झाला आणि सैन्यातील अनेक संगिनींचे हुक कापून टाकण्यात आले. परिणामी आज हुक शिल्लक असलेली संगीन दुर्मीळ आहे आणि संग्राहक तिच्यासाठी साध्या संगिनीच्या कित्येक पट रक्कम मोजतात. अर्थात जेथे किमतीत एवढे अंतर, तेथे हुक जोडून देणारेही निर्माण होणारच.

येथे तारीख उपयोगी पडते. पात्यावर १९१६ किंवा १९१७ असेल आणि परजेला हुक असेल तर तो नंतर बसविलेला असण्याची शक्यता फार मोठी. तारीख जुळत असली तरी जोड पाहावा. अस्सल परज व हुक एकाच लोखंडातून घडविलेले असतात. वेल्डिंगने जोडलेल्या हुकाच्या मुळाशी कानशीने घासल्याच्या आडव्या रेघा, रंगात किंचित फरक किंवा भिंगातून दिसणारी सुईच्या टोकाएवढी छिद्रे आढळतात. दुसरी एक साधी खूण मुठीच्या टोकाला आहे. १९१६ पासून तेथे माती व घाण बाहेर पडण्यासाठी एक लहान आरपार भोक ठेवण्यात येऊ लागले आणि सैन्यात असलेल्या जुन्या संगिनींनाही ते पाडण्यात आले. १९१८ ची तारीख आहे आणि भोक नाही, अशी संगीन पुढे आली तर सावध व्हावे. उलट १९१० च्या संगिनीला भोक असणे हा दोष नव्हे. ती नोकरीत राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात १७ इंचांचे पाते १२ इंचांवर आणण्यात आले. काही नवीन आखूड संगिनी बनल्या, तर काही जुन्या लांब संगिनी कापून आखूड केल्या गेल्या. कापलेली ओळखावयाची ती पात्याच्या पन्हळीवरून. मूळ आखूड पात्याची पन्हळ टोकाच्या अलीकडेच संपते. कापलेल्या पात्याची पन्हळ थेट टोकापर्यंत धावते. कित्येक विक्रेते अशा संगिनीस 'मोडकी' किंवा 'छेडछाड केलेली' म्हणून कमी भाव देतात आणि पुढे जाणत्या ग्राहकास चढ्या भावाने विकतात. ही छेडछाड नसून सरकारी कामकाज आहे, आणि त्याच्या खुणा पात्यावर असतात. लाहोरच्या नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या कार्यशाळेतही त्या काळी संगिनी तयार होत, त्यांवरील 'एन. डब्ल्यू. आर.' ही अक्षरे पाहून कोणी तो रेल्वेचा चाकू समजू नये!

गंज काय सांगतो

शिक्क्यांची जुळणी पुस्तकावरून शिकता येते, म्हणून बनावट करणाराही ती शिकतो. गंज मात्र त्याला सहजासहजी वश होत नाही.

शंभर वर्षांचा गंज काळपट तपकिरी, घट्ट आणि असमान असतो. म्यानाच्या तोंडाशी, जेथे दमट हवा शिरते, तेथे तो अधिक खोल असतो. मुठीजवळ, जेथे तेलकट हाताचा स्पर्श होत आला, तेथे कमी. आम्ल किंवा मीठ लावून आणलेला गंज नारिंगी, भुसभुशीत आणि सर्वत्र सारखा असतो. बोटाने चोळले की तो हाताला लागतो. पन्हळीच्या तळाशी आणि तिच्या कडेवर तो सारख्याच खोलीचा आढळला, तर ते पाते कोणत्या तरी द्रवात बुडविलेले होते असे निश्चित समजावे. निसर्ग असा समदर्शी नसतो.

याहून महत्त्वाची परीक्षा म्हणजे अक्षर आणि गंजाचा खड्डा यांतील क्रम. शिक्का कारखान्यात उठला, गंज नंतर चढला. म्हणून अस्सल वस्तूवर गंजाचे खड्डे अक्षरांच्या रेषा तोडून जातात, अक्षरांच्या कडा खाऊन टाकतात. शिक्का नंतर उठविलेला असेल तर उलट घडते: अक्षराची रेषा खड्ड्यावरून जाते, खड्ड्याच्या तळाशी ती पुसट होते आणि दोन्ही काठांवर पुन्हा स्वच्छ उमटते. अक्षराच्या तळाशी आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा उजळ धातू दिसतो. ही खूण दहापट भिंगातून उन्हात तिरके धरून पाहिल्यास कोणासही दिसते. त्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही.

अक्षराची घडणही पाहावी. पोलादी ठशावर हातोडी मारून उठविलेल्या अक्षराभोवती धातू किंचित वर उचललेला असतो. वापराने तो झिजतो, पण त्याचा मागमूस राहतो. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा गोलसर व मऊ असतात, जणू साबणावर उठविलेल्या. यंत्राने कोरलेल्या अक्षराचा तळ सपाट असतो. ओतकामाची बारीक छिद्रे किंवा साच्याच्या दोन भागांचा जोड मुठीच्या टोकाला किंवा नळकांड्याच्या आत दिसला, तर पुढे पाहण्याचे कारणच उरत नाही. लष्करी संगिनी घडीव लोखंड-पोलादाच्या असत. जुन्या नळकांडी संगिनीत तर लोखंडी नळकांडे व पोलादी पाते निराळे घडवून मानेशी जोडलेले असे.

यात एक अडचण आहे, आणि ती आपल्या श्रद्धेतूनच आलेली आहे. दरवर्षी चिंच, राख किंवा विटकरीचा भुगा लावून घासलेल्या शस्त्रावर ना गंज राहतो ना अक्षरांची कड. असे शस्त्र अस्सल असूनही परीक्षकाच्या दृष्टीने मूक झालेले असते. मग खाचाखोचांत पाहावे लागते: कडीच्या आत, कळेच्या फटीत, मुठीच्या लाकडाखाली. तेथे जुने तेल, मेण आणि कुंकवाचा काळपडलेला थर एकावर एक बसलेला आढळला, तर तो निदान अनेक वर्षांच्या पूजेचा पुरावा ठरतो. ज्यांच्याकडे अशी वस्तू आहे त्यांनी ती विक्रीपूर्वी 'चकाचक' करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. चकाकी आणण्याच्या नादात पुरावा जातो आणि पुराव्याबरोबर भावही.

मुठीचे लाकूडही बोलते. लाकूड काळाच्या ओघात आडव्या दिशेने आकसते, पोलाद आकसत नाही. म्हणून जुन्या मुठीत पोलादाची कड लाकडापेक्षा केसभर वर आलेली बोटाला जाणवते. दोन्ही अगदी गुळगुळीत समपातळीत असतील, तर मूठ नवी आहे किंवा नव्याने घासलेली आहे. स्क्रूच्या खाचा पाहाव्यात. अधिकाच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकापूर्वीच्या वस्तूत येण्याचा संभव नाही.

म्यान: दुर्लक्षिलेला साक्षीदार

खरेदीदार पात्याकडे पाहतो. म्यान हे केवळ आवरण समजले जाते. वास्तविक बनावट उघडकीस येते ती अनेकदा म्यानातूनच, कारण बनविणाऱ्यानेही त्याकडे दुर्लक्षच केलेले असते.

एकोणिसाव्या शतकातील संगिनीचे म्यान काळ्या चामड्याचे असून त्याच्या तोंडाशी आणि टोकाला पितळी पट्टी व टोपण असे. १९०७ च्या नमुन्यात पितळेऐवजी पोलाद आले. वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या या चामड्यात टॅनिन असते. त्याचा लोखंडाशी संयोग झाला की निळसर काळा डाग पडतो, आणि पितळेशी चामड्यातील चरबीचा संयोग झाला की मेणासारखा हिरवा जंगाल जमतो. अस्सल जुन्या म्यानात हे दोन्ही नेमके सांध्यावर, धातू व चामडे यांच्या फटीत आढळतात. रंगाने आणलेली हिरवळ मात्र पट्टीच्या मध्यभागी, दर्शनी जागी असते.

शिलाई पाठीमागच्या बाजूस असते. हाताच्या शिलाईत टाके थोडे कमी-अधिक अंतरावर व तिरके पडतात. दोऱ्याचा सुटलेला एखादा तंतू मिळाला तर ज्योतीजवळ न्यावा. ताग, अंबाडी किंवा कापूस जळून राख होतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुंडी होते. पॉलिएस्टरचा शोधच १९४१ चा. त्यामुळे १८५७ च्या म्हणून सांगितलेल्या म्यानातील दोऱ्याची गुंडी झाली, तर निदान शिलाईचा निकाल तेथेच लागला. (ही परीक्षा मालकाच्या परवानगीने आणि म्यानापासून दूर करावी, हे सांगणे नलगे.)

पाते म्यानात घालून पाहावे. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या जोडीत पात्यावर म्यानाच्या तोंडाचे लांबट ओरखडे एका ठरावीक रेषेत असतात. दमट हवेत चामडे फुगते, कोरड्यात आकसते. म्हणून जुने म्यान पात्याला घट्ट, कधी अडकण्याइतके घट्ट होते. सैल खुळखुळणारे पाते किंवा दोन इंच मोकळे राहणारे टोक आढळले, तर जोडी मूळची नाही.

जोडी मूळची नसणे म्हणजे फसवणूक नव्हे, हेही तितकेच खरे. पलटणीच्या शस्त्रागारात चामडे कुजले की दुसरे म्यान दिले जाई. पात्यावरचा क्रमांक एक आणि म्यानावरचा दुसरा, हे नित्याचेच होते. विजोड म्यान असलेली संगीन अस्सलच राहते. तिचा भाव जुळणी असलेल्या संगिनीपेक्षा कमी, एवढेच. फसवणूक होते ती म्यानावर नंतर जुळता क्रमांक उठविल्यावर. तेथे पुन्हा वरीलच परीक्षा लावावी: अक्षर आधी की झीज आधी?

'तंजावरच्या शस्त्रागारातील' म्हणजे काय?

कुंभकोणम परिसरात जुन्या शस्त्रासोबत हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यामागील इतिहास थोडा निराळा आहे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यानंतर संस्थान खालसा झाले. राजवाड्यातील विशाल शस्त्रागार पुढील दशकात मोडण्यात आले. निवडक उत्तम शस्त्रे मद्रासच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात गेली आणि उरलेली मोडून जुने लोखंड म्हणून विकली गेली. मद्रास सनदी सेवेतील वॉलहाउस यांनी १८७८ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात या संग्रहाविषयी सविस्तर लिहिले. तेथील कट्यारी आज जगभर विखुरलेल्या आहेत. मुठीवर पालासारखे कवच असलेल्या तंजावरी कट्यारी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही आहेत.

म्हणून एखादे शस्त्र 'शस्त्रागारातील' असल्याचे कोणी सांगितले, तर पुढचा प्रश्न विचारावयाचा तो हा की ते त्या मोडतोडीतून बाहेर आले कसे व कोणाच्या हाती? त्याचे उत्तर एखाद्या मोडी कागदात, बक्षीसपत्रात किंवा जुन्या वाटणीपत्रातील यादीत असेल तर उत्तम. नुसत्या सांगीवांगीने भाव वाढवू नये.

तंजावरी शस्त्रांच्या बाबतीत आणखी एक मौज आहे. तेथील अनेक कट्यारींना व तलवारींना युरोपातून आलेली पाती बसविलेली असत. मराठीतील 'फिरंग' हा तलवारवाचक शब्द त्यातूनच आला. युरोपीय पात्यांना मान होता म्हणून देशी कारागीरही आपल्या पात्यांवर इटलीच्या किंवा जर्मनीच्या नामांकित लोहारांची नावे चुकतमाकत कोरीत. तो शिक्का खोटा आहे, परंतु तो खोटेपणाच तीनशे वर्षांचा आहे! अशा वेळी 'शिक्का बनावट, सबब वस्तू बनावट' असा निष्कर्ष काढणारा परीक्षक स्वतःच फसतो.

कुंभकोणमलगतच्या स्वामिमलै येथील पंचधातूच्या मूर्ती आणि नाच्चियारकोविलचे पितळी दिवे प्रसिद्ध आहेत. तेथील कारागिरांच्या हातून धातूला हवी ती छटा येते आणि ते आपले काम नवे म्हणूनच विकतात. नवी वस्तू जुनी होते ती पुढच्या दोन-तीन हातांत. म्हणून विक्रेत्याने ती कोठून व केव्हा घेतली, याची पावती मागण्यात संकोच बाळगू नये.

कायदा व व्यवहार

१९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली वस्तू पुरावशेष ठरते. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. १९१८ मध्ये ईशापूरला बनलेली संगीन २०१८ मध्येच शंभरी ओलांडून गेली आहे, हे परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे आठवण म्हणून ती पाठवू इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळू शकते. ते हाती आल्याखेरीज पार्सल करू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांच्या अनुसूचीत धारदार शस्त्रांमध्ये संगिनीचा नामोल्लेख आहे. ती बाळगण्यास परवाना लागतो की नाही, हे त्या क्षेत्रास लागू असलेल्या अधिसूचनेवर अवलंबून असल्याने जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात विचारणा करून घेणे श्रेयस्कर. परसात किंवा पाया खणताना एखादे शस्त्र सापडले, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक ठरू शकते. अशी वस्तू परस्पर विकू नये.

बँकेच्या लॉकरविषयीही दोन शब्द. बेकायदेशीर किंवा धोकादायक वस्तू लॉकरमध्ये ठेवणार नाही, अशी अट लॉकर करारात असते. परवान्याविषयी शंका असलेले शस्त्र तेथे ठेवण्यापूर्वी शाखेत विचारणे ग्राहकाच्याच हिताचे आहे. खरेदीची रक्कम रोखीने न देता खात्यातून द्यावी आणि पावतीवर जात, पात्याची लांबी, सर्व शिक्के, तारीख व म्यानाचे वर्णन लिहून घ्यावे. 'जुनी संगीन, नग एक' अशी पावती ही पुढे वाद झाल्यास काहीच सिद्ध करीत नाही. छायाचित्र पाहून आगाऊ रक्कम पाठविणे तर सर्वथा टाळावे. अक्षर खड्ड्यावर आहे की खड्डा अक्षरावर, हे मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही.

तुलनेसाठी अस्सल नमुने पाहावयाचे असल्यास चेन्नईत सेंट जॉर्ज किल्ल्यातील संग्रहालय व एग्मोरचे सरकारी वस्तुसंग्रहालय, आणि महाराष्ट्रात मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय येथील शस्त्रदालने उपयुक्त आहेत.

आता त्या दोघा भावांच्या संगिनीकडे वळू. मुकुट, 'जी. आर.', १९०७, खाली १९१८ ची तारीख, 'आर. एफ. आय.', मुठीच्या टोकाला भोक, परजेला हुक नाही, गंजाने अक्षरांच्या कडा खाल्लेल्या, म्यानाच्या सांध्यात काळा डाग, क्रमांक मात्र निराळा. म्हणजे संगीन पूर्णतः अस्सल आहे, म्यान बदललेले आहे आणि सरफोजीराजांशी तिचा काहीही संबंध नाही. घरातील कोणी पलटणीत होते काय, याची चौकशी केली तर कदाचित तिचा खरा मालक सापडेल. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या होत्या आणि दक्षिणेतील पलटणीही. वाटणीपत्रात तिची किंमत राजाची भेट म्हणून न धरता १९१८ ची ईशापुरी संगीन म्हणून धरावी आणि ठेवींचा हिशेब त्यानुसार करावा. दोघांनाही ती हवी असेल, तर तिचे मूल्य शून्य धरून ती सामाईक ठेवण्याची तरतूदही वाटणीपत्रात करता येते. अनेक कुटुंबे देव्हाऱ्यातील मूर्तींबाबत तसेच करतात.

राहिला प्रश्न जतनाचा. पाते म्यानात ठेवू नये. चामड्यातील आम्ल व ओलावा यांमुळे ते आतल्या आत गंजते आणि आकसलेल्या चामड्यातून काढताना शिवण उसवते. पाते कोरड्या सुती कापडाने पुसून, त्यावर यंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. म्यानात त्याच आकाराची, आम्लविरहित कागदाची सैल गुंडाळी घालून ते शेजारी आडवे ठेवावे. दोहोंना एकाच क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधावी. खंडेनवमीला हळदकुंकू पात्याऐवजी खालच्या पाटावर वाहावे.